करंगळी बुडवा, पाच मोजा

"लागलं का?"

मुरुमच्या आमच्या मेडिकल दुकानाची पायरी चढलं की पहिला सवाल हाच. रामराम नाही, या-बसा नाही. नवखा माणूस बावचळायचा. जुनं गिऱ्हाईक मात्र सांगायचं, "लागलं अप्पा, वाटी उपडी केली तरी हलंना." की अप्पा खूश. त्यांचा हिशेब सोपा होता. घरात दही नीट लागलं म्हणजे घर ठिकाणावर आहे आणि घरातल्यांची पोटंही ठिकाणावर आहेत. बाकी चौकशा मग सावकाश.

अप्पा दुकानाचे मालक. उंच, हडकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि शर्टाच्या खिशात दोन थर्मामीटर. एक माणसांचा, एक दुधाचा. दोन्ही दिसायला सारखेच. कुठला कुठला, हे फक्त अप्पांना ठाऊक, आणि मी कधी विचारलं नाही. काही गोष्टी न कळलेल्याच बऱ्या असतात. तशी गरजही नव्हती म्हणा. कारण दुधाच्या बाबतीत अप्पांचा दोन्ही थर्मामीटरांवर विश्वास नव्हता. ते करंगळी बुडवायचे आणि कानडीत मोजायचे, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु." पाच मोजेपर्यंत करंगळीनं दम धरला तर दूध विरजायला तयार. तीनलाच बोट बाहेर आलं तर दूध गरम. पाचाच्या पुढं बोटाला काहीच वाटेना तर गार. "मराठीत मोजलं तर चालत नाही का?" असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "चालतंय की. पण तुमी मराठीवाले लई घाईनं मोजता."

मी बेंबळीची. मला कानडी ओ की ठो येत नव्हतं. डी. फार्मसी करून लग्न होऊन कर्नाटकच्या सीमेवरच्या मुरुमला आले, अप्पांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून लागले, आणि इथं कानडीचे पहिले पाच शब्द शिकले ते हे.

दुकानाच्या पायरीवर तिवईवर एक माठ असायचा, त्यात ताक. वर पुठ्ठ्यावर अप्पांच्या हातचं अक्षर: 'गोळी घेतली? ताक पिऊन जा.' कुणी म्हणेल, मेडिकलवाला आणि औषधाच्या विरोधात? छे! अप्पा औषधाच्या मुळीच विरोधात नव्हते. डॉक्टरनं पाच दिवस लिहिलं तर पाच दिवस. कुणी दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या परत करायला आला तर अप्पा त्याला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर असं सोलून काढायचे की बिचारा उरलेल्या गोळ्या जपून घरी न्यायचा. त्यांचं म्हणणं एवढंच, की जंतू मारायची गोळी घेतली तर पुढचंही बघा.

"पोट म्हंजे गाव हाय," ते सांगायचे. हे प्रवचन मी किती वेळा ऐकलं याला गणतीच नाही. "गावात गुंड शिरले की पोलिस बोलवावाच लागतोय. पण लाठी चालाय लागली की ती गुंड बघती का गावकरी बघती? चांगली मानसंबी आडवी होत्यात. पोटात चांगले जंतूबी ऱ्हात्यात बाबा, तुझी भाकर तेच पचवत्यात. ते मेले की गाव ओसाड. मग पुनर्वसन कोन करनार? शासन?"

मग माठाकडं बोट.

एकदा सास्तूरचा एक म्हातारा शेतकरी हे सगळं ऐकून घेत मान हलवत बसला होता. म्हणाला, "पुनर्वसन म्हनल्यावर समजलं बगा. भूकंपानंतर आमचं अख्खं गाव पुन्यांदा वसलंय. टाइम लागतो, पण वसतंय." अप्पांनी त्याला दोन गिलास ताक पाजलं. वर निघताना बजावलं, "गोळी आन् ताक एकत्र न्हाय हं. मधी दोन तास जाऊ द्या. पोलिस गेल्याबिगर गावकरी भायेर येत न्हाईत."

आता ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू अशी, की माणसाला लाज असते हे अप्पांना मान्यच नव्हतं. गावातले हेडमास्तर डोकेदुखीची गोळी घ्यायला आले. मागं त्यांच्याच शाळेच्या पोरींच्या आया उभ्या. अप्पांनी चष्म्यावरून बघितलं आणि दुकान दणाणेल अशा आवाजात विचारलं, "सर, सकाळी मोकळं झालं का?" हेडमास्तर लालबुंद. मी काउंटरखाली वाकून उगीच खोकी लावायला लागले. अप्पा आपले शांत. "लाजू नका. डोस्क्याचं दुखनं खालच्या मजल्यावर असतंय." हेडमास्तर आठ दिवस दुसऱ्या दुकानात गेले. नवव्या दिवशी परत आले आणि कुणी काही विचारायच्या आतच म्हणाले, "झालं अप्पा. मोकळं झालं." मग माठाकडं वळले.

एकदा तपासणीला साहेब आले. परवाना बघितला, फ्रिज बघितला, मला दोन प्रश्न विचारले आणि माठाशी येऊन थांबले. "हे इथं चालणार नाही. हे औषधाचं दुकान आहे." माठ तेव्हा आत, काउंटरवर असायचा. अप्पांनी वाद घातला नाही. माठ उचलला, उंबऱ्याबाहेर पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "आता दुकानात न्हाय. आता तुमी बी भायेर या, हितं तुमी पाव्हणे." साहेब हसले. ऊन मी म्हणत होतं. दोन गिलास पिऊन गेले. तेव्हापासून माठाची जागा पायरीवर झाली.

आणि गंमत म्हणजे अख्ख्या मुरुमला ताक पाजणाऱ्या या माणसाच्या बायकोनं, आमच्या अक्कानं, जन्मात दह्याला बोट लावलं नाही. वासच आवडत नाही म्हणे. अप्पा विरजणाची वाटी मफलरमध्ये गुंडाळून ठेवायचे, "हळू बोला, झोपलंय ते" असं सगळ्यांना दटावायचे, आणि अक्का मुद्दाम तिथंच भांडी आपटायच्या. "चाळीस वर्षं झाली," अक्का मला सांगायच्या, "मला ताप आला तर ह्यानं एक गोधडी घातली न्हाय, आन् दह्याला मफलर!" अप्पा उत्तर द्यायचे, "दही तुज्यावानी आदळआपट करत न्हाय."

आता मूळ गोष्टीवर येते. अप्पांची आठवण काढायची आणि माझी फजिती झाकायची, हे काही जमायचं नाही.

माझ्या सासरी एक रीत होती. नव्या सुनेनं महिनाभर रोज संध्याकाळी घरचं दही लावायचं. सकाळी सासू वाटी तिरकी करून बघणार. महिना नीट गेला की एका सोमवारी विरजणाची पितळी वाटी सुनेच्या हातात द्यायची. मग स्वयंपाकघर तिचं. तोपर्यंत सून म्हणजे पाहुणीच. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, बोलायला फटकळ आणि मनात काही न ठेवणाऱ्या. मी दुकानात उभं राहते हे त्यांना पसंत नव्हतं. "घरचं समदं नीट झालं तर जा म्हनं कुठं जायचं तिकडं," एवढ्या बोलीवर परवानगी मिळाली होती. आमच्या ह्यांचं म्हणाल तर ते आईसमोर 'आई म्हणते ते बरोबर' आणि माझ्यासमोर 'तुझंही बरोबर', असे दोन्ही डगरींवर हात ठेवून. माझी सगळी मदार त्या वाटीवर होती.

पंधरा दिवस दही झकास लागलं. मी हवेत. सोळाव्या दिवशी सकाळी आत्यांनी वाटी तिरकी केली आणि दूध घळाघळा ओट्यावर सांडलं.

"काय गं हे?"

मला वाटलं, विरजण कमी पडलं. शेजारणीकडून वाटीभर मागून आणलं. नव्या नवरीनं विरजण मागत फिरायचं म्हणजे काय असतं ते ज्या फिरल्यात त्यांनाच विचारा. रात्री परत लावलं. करंगळी बुडवून चक्क कानडीत मोजलं. सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. दूध नासलं असतं तरी परवडलं असतं, पण नासलंही नव्हतं. तसंच्या तसं, माझ्याकडं बघत होतं मेलं.

आत्यांनी कमरेला पदर खोचला. "मला कळलंय. दिसभर दुकानात औषदं हाताळतीस. हाताला औषद लागतंय. त्या हातानं दही कसं लागंल? सोमवारपासनं दुकान बंद."

"आत्या, मी हात धुते हो."

"धुतल्यानं जात अस्तं व्हय ते! तीन दिस झाले. मी आंदळी न्हाय."

मी दुकानात गेले ती तोंड पाडूनच. अप्पांनी सवयीनं विचारलं, "लागलं का?" आणि माझा बांध फुटला. चांगली डी. फार्मसी झालेली बाई मी, कफ सिरपच्या खोक्यावर डोकं ठेवून रडले. कुणी गिऱ्हाईक आलं की अप्पा हातानंच 'थांब' म्हणत होते. रडं ओसरल्यावर त्यांनी मला ताक दिलं. (दुसरं काय देणार?) मग खुर्ची ओढून बसले आणि एखाद्या डॉक्टरनं विचारावं तसे एकेक विचारायला लागले.

"दूध कुनाचं?"

"बाशाभाईचं. आमच्याकडं एकाच म्हशीचं येतं. आत्यांचा हट्ट आहे. त्या कपाळावर पांढरं असलेल्या चांदीचं."

अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते हसायला लागले, असे हसले की ठसका लागला, चष्मा खाली पडला.

"अप्पा, माझी नोकरी चाललीय आन् तुम्ही हसताय?"

"पोरी," ते डोळे पुसत म्हणाले, "चार दिसाखाली बाशा हितं आला हुता. चांदीच्या सडाला दगडी झाली, सड सुजून दगडावानी झाला म्हनून. जनावराच्या डॉक्टरची चिठ्ठी हुती. सडात औषद सोडायच्या नळ्या त्येला कुनी दिल्या?"

मी दिल्या होत्या. या हातांनी. दुकानात गर्दी होती. बाशाभाईनं विचारलंही होतं, "और कुछ देखना पडता क्या, बेटी?" आणि मी म्हणाले होते, "काही नाही, चिठ्ठीत लिहिलंय तसं सोडा." डॉक्टरांनी बाकीचं सांगितलं असेल असं मी आपलं धरून चालले. खोक्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं, की शेवटची नळी सोडल्यावर इतके दिवस या जनावराचं दूध वापरू नये. ते वाचून सांगायचं काम कुणाचं? ज्याच्या नावाचा परवाना भिंतीवर टांगलाय त्याचं. म्हणजे माझं.

जंतू मारायचं औषध दुधात उतरलं होतं. उकळल्यानं ते जात नाही. विरजणातल्या बिचाऱ्या जंतूंना त्यानं रोज रात्री गाठून मारलं होतं, आणि रोज सकाळी वाटीत दूधच्या दूध.

"आन् नुसतं दही न्हाय," अप्पा आता हसत नव्हते. "तेच दूध तुमच्या घरात चहात बी हाय. तीन दिस झाले, तुमच्या समद्यांच्या पोटातल्या गावावर बिनकामाची लाठी चाललीया."

आत्यांचं म्हणणं काय होतं? हाताला औषध लागतंय म्हणून दही लागत नाही. आणि खरं काय होतं? माझ्याच हातातून गेलेल्या औषधानं दही लागत नव्हतं! म्हणजे खरं सांगितलं तर त्या नव्वद टक्के बरोबर. मग दुकान बंद झालंच म्हणून समजा.

"अप्पा, घरी सांगू नका."

"म्या कशाला सांगू? वाटी तुजी हाय."

त्याच संध्याकाळी अप्पा आमच्या घरी हजर. बरोबर बाशाभाईकडून दोन तांब्यांत आणलेलं दूध. एक चांदीचं, दुसरं तिच्या शेजारच्या म्हशीचं. "वैनी, जरा परयोग करायचाय," ते आत्यांना म्हणाले. चार वाट्या मांडल्या. दोन्ही दुधांच्या दोन वाट्या मी विरजल्या, दोन आत्यांनी. करंगळी मात्र चारही वाट्यांत अप्पांची. आत्यांना ते बोट बुडवणं मुळीच आवडलं नाही, पण अप्पांना नाही कोण म्हणणार? जाताना त्यांनी स्वतःचा मफलर चारी वाट्यांवर घातला आणि आमच्या घरालाही सांगून गेले, "हळू बोला, झोपलंय."

सकाळी सातला अप्पा परत आले. नेमका त्याच वेळी बाशाभाई रतीब घालायला दारात आला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

आत्यांनी पहिली वाटी तिरकी केली. माझी, दुसऱ्या म्हशीची. हलली नाही. दुसरी, त्यांची, त्याच म्हशीची. हलली नाही. तिसरी माझी, चांदीची. दूध. मग चौथी. आत्यांच्या स्वतःच्या हातची. त्यांनी ती अशी हळूच तिरकी केली, की जणू ती हलू नये म्हणून नवस बोलल्या असाव्यात. दूध.

"वैनी," अप्पा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तुमी बी दुकानात औषदं हाताळता का काय?"

माझ्या पोटात हसू मावेना. जिंकले की मी! पण आत्या हार मानणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या फणकाऱ्यानं दाराकडं वळल्या. "मग दुधातच खोट हाय! बाशा, काय मिसळतोस रं दुधात? आजपासनं तुजं दूध बंद. आन् गल्लीत बी सांगते समद्यांना."

बाशाभाईचा चेहरा पडला. हातातली किटली त्यानं खाली ठेवली. "या अल्ला! क्या बोलते भाभी! बीस साल से दूध डाल रहा हूँ मैं."

मी अप्पांकडं बघितलं. एरवी दुकान दणाणून सोडणारा हा माणूस चौथ्या वाटीत डोकं घालून बसला होता, जणू तिथं काही वाचायचं होतं. बोलेना. एक शब्द बोलला असता तर सुटका होती. पण वाटी माझी होती.

मला त्या क्षणी अप्पांचा इतका राग आला म्हणून सांगू! आणि मग मी बोलले.

"आत्या, बाशाभाईनं काही मिसळलं नाही. चांदीला औषध चालू आहे. ते मीच दिलंय दुकानातून. दूध वापरू नका हे सांगायचं मी विसरले. चूक माझी आहे." एका दमात बोलले. मग आणखी एक दम घेऊन म्हणाले, "त्यांचं दूध बंद करू नका. दुकान बंद करायचं असेल तर माझं करा."

आमचे हे आतल्या खोलीत होते, ते आतच राहिले. बाशाभाई कपाळाला हात लावून मटकन पायरीवर बसला. आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळूहळू त्यांच्या तोंडावर असं काही तेज आलं की तसं मी लग्नातही बघितलं नव्हतं.

"म्हंजे औषदच हुतं की!" त्या टाळी वाजवून म्हणाल्या. "म्या काय म्हनलं हुतं? पयल्या दिसापासनं काय म्हनत हुते म्या? अप्पा, तुमी साक्षी हाव. म्या म्हनलं हुतं का न्हाय, औषदानं दही लागंना म्हनून?"

"म्हनला हुता वैनी," अप्पा मान वर करून म्हणाले. "तुमचंच खरं."

स्वतःचं खरं ठरल्याचा आनंद माणसाला किती मोठं करतो! आत्यांनी बाशाभाईला चहा दिला, बिनदुधाचा. चांदीची तब्येत विचारली. मग माझ्याकडं वळल्या. मी खाली मान घालून उभी.

"हुबी काय ऱ्हायलीस? दुकानाची येळ झाली न्हवं?"

"पण आत्या, तुम्हीच म्हणालात..."

"म्या म्हनलं, पन आता येगळंच कळलंय. आज किती जन नळ्या न्यायला येतील, त्यांना कोन सांगनार? ह्यो?" त्यांनी अप्पांकडं हात केला. "ह्यो त्यांना मोकळं झालं का विचारत बसंल. तू जा. आन् एकूण एकाला सांग. न्हायतर गावात कुन्या पोरीचं दही लागायचं न्हाय, आन् तिची सासू काय माज्यावानी समजूतदार असंल का?"

अप्पांनी मफलर झटकून गळ्यात घातला. दारातून बाहेर पडता पडता मला म्हणाले, "आता लागलं."

पुढच्या सोमवारी पितळी वाटी माझ्या हातात आली. महिना पुरा व्हायला अजून दिवस बाकी होते, पण आत्या म्हणाल्या, मोजत कोण बसलंय.

तेव्हापासून जनावराच्या औषधाच्या प्रत्येक खोक्यावर मी जाड पेनानं दिवस लिहून देते आणि तोंडानंही सांगते. कुणी मान डोलावून ऐकलं न ऐकलं केलं, तर अप्पांनी शिकवलेलं वाक्य तयार असतं: "ऐकलं न्हाय तर घरचं दही लागायचं न्हाय." दुधात औषध उतरतं हे सांगून जेवढा माणूस घाबरत नाही, तेवढा याला घाबरतो.

अप्पा आता मुरुममध्ये नसतात. गुडघे गेले, तसं मुलानं त्यांना आणि अक्काला हैदराबादला नेलं. दुकान मी चालवते. जाताना त्यांनी स्टीलच्या डब्यात विरजण घेतलं आणि एसटीत अख्खा रस्ता मांडीवर धरून नेलं. अक्का शेजारच्या सीटवर नाकाला पदर लावून. तिथं त्यांच्या इमारतीच्या वॉचमनपासून लिफ्टमधल्या बायकांपर्यंत सगळे त्यांना टाळतात म्हणे, आणि संध्याकाळी त्यातलेच चार जण वाटी घेऊन दारात उभे असतात. माठ मात्र इथंच आहे, पायरीवर. तो भरायचं काम आत्यांनी आपणहून घेतलंय. दुपारी ताक घेऊन येतात आणि तासभर बसून गिऱ्हाइकांना काय काय विचारतात, ते मी इथं लिहीत नाही. अप्पांची गादी रिकामी नाही, एवढं समजा.

रोज सकाळी सातला फोन वाजतो. ह्यांना वाटतं कुणाचं काय झालं. मला ठाऊक असतं. परवा माझे हात पिठाचे होते, म्हणून आत्यांनी उचलला. स्पीकर लागला होता, त्यामुळं अप्पांचा आवाज घरभर झाला.

"लागलं का?"

आत्यांनी ओट्यावरची वाटी उचलली, तिरकी केली, आणि फोन तोंडाजवळ धरून ठणकावून म्हणाल्या, "लागलं. माज्या सुनंच्या हातचं हाय. न लागून जातंय कुठं?"